मागच्या अंगणाची भानगड

कळवण,
२४ एप्रिल २०२४

चि. सौ. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तू चकित होशील. सासऱ्याने सुनेला पत्र लिहायचे दिवस राहिलेले नाहीत, हे मलाही कळतं. पण फोनवर मला नीट ऐकू येत नाही. कानातलं ते यंत्र शिटी मारतं, मग मी ओरडतो, मग तू ओरडतेस, आणि आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे तुझ्या आत्याला, वाटतं आपलं भांडण जुंपलं. संतोषशी बोलण्यात तर अर्थच नाही. माझाच मुलगा आहे म्हणून सांगतो, प्रत्येक वाक्याला ‘हो बाबा’ म्हणतो आणि फोन ठेवला की विसरतो. कागदावर लिहिलेलं निदान नाकारता येत नाही. इथल्या गावातल्या भिकाचा पिकअप भाजी घेऊन पंचवटीच्या मार्केटला येतच असतो. तो पत्र पोचवेल आणि तुझं उत्तरही आणेल.

आता विषय. आपल्या समोरच्या जयरामचा फोन आला होता. (तो मुळातच इतका मोठ्याने बोलतो की त्याचं मात्र मला सगळं ऐकू येतं.) म्हणाला, “धोंडीराम, तुझ्या मागच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक उखडून भिंतीकडेला रचलेत. घर विकलंस का काय?”

वेदिका, ते ब्लॉक मी स्वतः बसवले आहेत. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी, दोरी बांधून, पाणसळीने लेव्हल बघून. अंगणात चिखल व्हायचा. तुझी आत्या त्यात घसरली आणि मनगट मोडून बसली, म्हणून बसवले. निवृत्तीदादाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्याच्या डाळिंबांकडे बघायला माणूस नाही म्हणून आम्ही दोघं इकडे आलो. आम्ही घर तुमच्या हाती दिलं ते राहायला. खणायला नव्हे.

काय चाललं आहे ते सविस्तर लिही. ब्लॉक कुणाला देऊन टाकू नकोस.

तुझी आत्या म्हणते, रागावू नका. मी रागावलेलो नाही. विचारतो आहे.

— मामा


हिरावाडी, नाशिक,
२ मे २०२४

ति. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

ब्लॉक मी उखडले, म्हणजे माणूस लावून उखडून घेतले. तुम्हाला आधी विचारायला मी संतोषला सांगितलं होतं. तो म्हणाला ‘विचारतो’. नंतर म्हणाला ‘विचारलं’. आता म्हणतो ‘विचारायचं राहिलंच’. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात मी काही वाढवत नाही.

आता कारण. लॅबमधून मी संध्याकाळी घरी येते तेव्हा स्वयंपाकघराची मागची भिंत हात लावू देत नाही. ते ब्लॉक दिवसभर तापतात आणि नंतर आपल्याला भाजतात. आणि पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दर जुलैमध्ये मागच्या दारातून पाणी आत येतं, आणि तुम्ही बाहेर जयरामकाकांशी गप्पा मारत असता तेव्हा आत्या आणि मी पोती टाकत असतो. मामा, तुमची लेव्हल अगदी बरोबर होती. फक्त ती स्वयंपाकघराच्या दिशेने होती.

तिथे आता माती राहील. माती पाणी पिते. कडेने अडुळसा, निर्गुडी, कढीपत्ता लावणार आहे, एका कोपऱ्यात रुई राहू देणार आहे. तिच्यावर फुलपाखरं अंडी घालतात. झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरून ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी लागतं. धुण्याच्या दगडापर्यंत ब्लॉकची एक वाट तशीच ठेवली आहे, आत्यांचा पाय घसरणार नाही.

पुढच्या गुलाबांना मी हात लावलेला नाही. ते तुमचे आहेत.

— वेदिका


कळवण,
१० जुलै २०२४

चि. सौ. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

माती पाणी पिते हे मी शेतकऱ्याचा मुलगा असून तू मला सांगतेस. असो.

जयरामचा परत फोन होता. गवत गुडघ्याच्या वर गेलं आहे म्हणतो. त्यांच्या घरात डास झाले आहेत. त्याच्या बायकोने आपल्या भिंतीवरून साप जाताना पाहिला. पालापाचोळा तू झाडून काढत नाहीस, उलट शेजाऱ्यांनी टाकलेला गोळा करून आणतेस, हे खरं आहे का? लोक कचरा घराबाहेर टाकतात. आत आणणारी माणसं मी पाहिली नाहीत.

मला त्या कॉलनीत लोक ओळखतात. ‘धोंडीरामचं घर म्हणजे नीटनेटकं’ असं म्हणायचे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझ्या कप्प्यांवरची चिठ्ठीसुद्धा कधी तिरकी नसायची. आता माझ्या घराकडे बोट दाखवून काय म्हणत असतील?

गवत काढून घे. सापाचं बघ. आणि गुलाबांवर फवारणी केलीस का ते लिही. पावसात काळे ठिपके पडतात. औषध जिन्याखालच्या फळीवर आहे.

— मामा


हिरावाडी, नाशिक,
२८ जुलै २०२४

ति. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तो साप नानेटी होता. बिनविषारी. बेडूक खायला येतो आणि जातो. जयरामकाकांच्या सौभाग्यवतींनी तो पाहिला तेव्हा जी किंकाळी फोडली तिच्यानंतर तो कधी परत येईल असं वाटत नाही.

डास त्यांच्या स्वतःच्या कूलरच्या टाकीत झाले आहेत. मी गच्चीत नेऊन दाखवलं. आत शेवाळ आणि अळ्या. काका म्हणाले, “हे पाणी स्वच्छ आहे, मीच भरलंय.”

गवत म्हणजे त्यात तेरडा आहे, टाकळा आहे, कुर्डू आहे. तेरडा आता फुलेल. वाटेवर येतं तेवढं मी दर रविवारी खुरप्याने काढते. पाला मी आणते हे खरं आहे. लोक तो जाळतात आणि धूर आपल्या खिडकीत येतो, त्यापेक्षा मी आणते.

आणि मामा, परवा दिवसभर पाऊस कोसळला आणि स्वयंपाकघरात पाण्याचा थेंब आला नाही. पोती कोरडी राहिली. हे जयरामकाकांनी तुम्हाला फोनवर सांगितलं का?

मातीत एक घमेलं पुरून त्यात पाणी ठेवलं आहे. बेडूक येऊन बसतात. शिंपी पक्ष्याची जोडी निर्गुडीत दिवसभर टिवटिव करते. लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त, लघवी तपासून डोकं भणाणलेलं असतं. घरी आले की चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते. तेवढाच वेळ माझा असतो.

गुलाब ठीक आहेत.

— वेदिका


कळवण,
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तुम्ही सटाण्याला तुझ्या माहेरी जाणार असं संतोष म्हणाला. अवश्य जा. वर्षातून एकदा आईवडिलांना बरं वाटतं. मी तेवढ्यात भिकाबरोबर नाशिकला येऊन घर बघून जाईन. सणासुदीला घर कुलूपबंद आणि अंधारात बरं दिसत नाही. पणत्या लावून येईन. किल्ली जयरामकडे ठेव.

आत्याने अनारसे दिले आहेत, पिकअपमध्ये कांद्याच्या गोणीवर ठेवू नकोस म्हणून भिकाला बजावलं आहे.

— मामा


हिरावाडी, नाशिक,
६ नोव्हेंबर २०२४

ति. मामांना नमस्कार.

गेट उघडलं आणि वास आला. मला वाटलं गॅस सुटलाय. संतोष स्वयंपाकघरात धावला. मी मागे गेले.

अडुळसा बुंध्याशी कापलेला. निर्गुडी कापलेली. रुई मुळासकट गेली. तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांचे सुरवंट होते, जाताना मी त्यांना बघून गेले होते. जमीन इतकी लख्ख की केरसुणीच्या रेघा दिसत होत्या. कडेचं सगळं गवत पिवळं पडलेलं. कढीपत्त्याच्या पानांवर पांढरे डाग. घमेल्यातलं पाणी दुधासारखं झालेलं आणि त्यात बेडूक पोट वर करून तरंगत होते.

जयरामकाका मागोमाग आले. म्हणाले, “बघ, तुझ्या सासऱ्याने कसं आरशासारखं केलं! दिवाळीची भेट!” मी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. तशीच पायरीवर बसले. संतोष म्हणाला, “अगं, बाबांना नाही कळत या गोष्टीतलं.”

मामा, तुम्हाला कळतं. मी तुम्हाला सगळं लिहिलं होतं. कुठे काय लावलंय, कशासाठी लावलंय. तुम्ही ते वाचलंत आणि मी घरात नसेन तो दिवस निवडलात. पणत्या लावायला येतो म्हणालात.

पणत्या लावल्या होत्या, ते मी पाहिलं. ओळीने, एकसारख्या अंतरावर.

— वेदिका


कळवण,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वेदिका हिस,

बेडकांसाठी सासऱ्याला असं पत्र लिहितात हे या वयात नव्याने कळलं.

या वयात दोन दिवस मी कंबर मोडेपर्यंत काम केलं. भिकाला बरोबर घेतलं, तणाचं औषध मारायला पंप भाड्याने आणला. कुणासाठी? तुम्ही दोघं दिवसभर नोकरीवर, तुला वेळ होत नाही, म्हणून अंगणाचं रान झालं, असं मी समजलो. आनंद होईल असं वाटलं होतं.

आणि मन दुखवण्याचं म्हणशील तर मीही पुढचं अंगण पाहिलं. दोन्ही लाल गुलाब वाळून काटक्या झाले आहेत. पिवळ्यावर कोळ्याने जाळं धरलं आहे. औषधाची बाटली जिन्याखाली तशीच, सीलसुद्धा फोडलेलं नाही. ‘गुलाब ठीक आहेत.’ जुलैचं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. तुझ्याच अक्षरात आहे. मीही तुझ्याशी तेवढंच खरं बोललो जेवढं तू माझ्याशी बोललीस.

ते घर अजून माझ्या नावावर आहे, एवढं लक्षात ठेव.

हे पत्र तुझ्या आत्याला दाखवलेलं नाही.

— धोंडीराम


पिंपळगाव बसवंत,
१४ जानेवारी २०२५

ति. मामांना नमस्कार.

आम्ही हिरावाडीचं घर सोडून इथे पिंपळगावला भाड्याने राहायला आलो आहोत. द्राक्षाचा सीझन सुरू झाला, संतोषला पॅकहाऊसमधून निघायला उशीर होतो, हायवेवरून रोज ये-जा करणं धोक्याचं आहे. मलाही इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम मिळालं.

घर तुमच्या नावावर आहे, तेव्हा तुम्हाला कळवणं योग्य.

दारं-खिडक्या बंद आहेत, गॅस काढून ठेवला आहे. वाळलेल्या गुलाबांच्या जागी दोन नवीन लाल गुलाब लावले आहेत. त्यांना जयरामकाका पाणी घालतील. किल्ली त्यांच्याकडेच आहे.

आत्यांसाठी तिळाचे लाडू भिकाजवळ दिले आहेत. संक्रांतीच्या शुभेच्छा.

— वेदिका


हिरावाडी, नाशिक,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता बघ. आम्ही दोघं नाशिकला परत आलो आहोत. निवृत्तीदादा आता काठीशिवाय चालतो, त्याला माझी गरज उरलेली नाही. शिवाय घर बंद ठेवून चालत नाही.

तुझ्या आत्याला माझं नोव्हेंबरचं पत्र संतोषने दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काम फारसं नसतं.

पण मुख्य त्रास तिचा नाही, जयरामचा आहे. हा माणूस सकाळी माझा चहा व्हायच्या आत गेटवर उभा असतो. “गुलाबांना पाणी जास्त होतंय.” “लेंगा पुढच्या दोरीवर वाळत घालू नकोस, बरं दिसत नाही.” “काल दुपारी तुझ्याकडे कोण आलं होतं?” परवा मी यंत्र काढून जरा पडलो होतो, दार वाजलेलं कळलं नाही. त्याने थेट संतोषला फोन लावला, ‘बाबा दार उघडत नाहीत, येऊन बघ’. संतोष पॅकहाऊसमधलं काम टाकून मोटरसायकलवरून आला. मी बनियनवर केळं खात होतो. संतोष माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो.

माझ्याच घरात मी काय करतो ते माझ्या मुलाला हा माणूस कळवणार? मी जयरामला तसं बोललो. तो म्हणाला, “अरे, तुला नाही का मी वर्षभर सगळं कळवत होतो!”

मी आत आलो आणि लेंगा मागच्या दोरीवर घातला.

मागच्या अंगणातून धूळ उडून आत येते. धुतलेले कपडे परत धुवावे लागतात. तू लावलेले लाल गुलाब लागले आहेत. रंग माझ्या जुन्यांसारखा नाही, पण लागले आहेत.

नोव्हेंबरच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, असं तुझी आत्या म्हणते. मी काही म्हणत नाही.

— मामा


पिंपळगाव बसवंत,
९ मार्च २०२५

ति. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही काही म्हणत नाही, तर मीच म्हणते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली हायवे आहे, दिवसभर टेम्पोंचे हॉर्न, कांद्याचा वास. गॅलरीत चार कुंड्या मावतात आणि त्याही करपतात. संध्याकाळी चहाचा कप घेऊन कुठे बसावं हे मला अजून कळलेलं नाही. संतोष विचारतो, काय झालं. मी म्हणते, काही नाही. तो म्हणतो, बरं.

घर तुमच्या नावावर आहे हे मला लग्न झालं त्या दिवसापासून माहीत आहे. ते लिहून दाखवायची गरज नव्हती. त्या वाक्यानंतर मला तिथे पेलाभर पाणी सांडायचीसुद्धा भीती वाटायला लागली. सीझन वगैरे खरं आहे, पण आम्ही निघालो ते त्या वाक्यामुळे.

ब्लॉक काढायच्या आधी मी स्वतः तुम्हाला विचारलं नाही. संतोषच्या गळ्यात टाकलं, कारण मला माहीत होतं तो विसरेल. मी विचारलं असतं तर तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात, आणि तरी मी काढले असते, आणि ते जास्त वाईट दिसलं असतं. गुलाब वाळले तेही लिहिलं नाही. औषधाचा वास बेडकांना चालणार नाही म्हणून मी फवारणी केली नाही, नुसतं पाण्याने धुवून बघितलं, जमलं नाही. ते लिहिलं असतं तर तुम्ही ‘बघ, मी सांगितलं होतं’ म्हणाला असतात. तुमच्याशी खरं बोलायला फार तयारी लागते, मामा. रोज तेवढी तयारी होत नाही.

जयरामकाकांबद्दल वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मी हसले. संतोषने विचारलं, काय झालं. या वेळी सांगितलं.

— वेदिका


हिरावाडी, नाशिक,
३० मार्च २०२५

चि. सौ. वेदिका हिस,
पाडव्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आत्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा मी यंत्र काढून ठेवलं होतं तरी ऐकू आलं.

होय, मी ‘नाही’ म्हणालो असतो. पण ‘नाही’ म्हणायला तरी मला मिळायला हवं होतं. आयुष्यभर कारखान्यात दुसऱ्याचा माल रचून ठेवला. साहेब म्हणेल तिथे, म्हणेल तसा. माझ्या मनाने असं मी ते एक अंगण केलं होतं. वाकडं असेल, स्वयंपाकघराच्या दिशेने असेल. ते उखडलं हे मला तुझ्याकडून कळलं असतं तर मी चार दिवस आरडाओरडा करून गप्प बसलो असतो. ते मला जयरामच्या तोंडून कळलं. मला लागलं ते तेवढंच.

तू लावलेलं मी काढलं तेही तसंच झालं, असं तुझी आत्या म्हणते. या खेपेला मीही म्हणतो.

अडुळशाच्या बुंध्याला पालवी फुटली आहे. मी उपटलेली नाही. पालवी आली म्हणजे मागच्या अंगणाबद्दलचं माझं सगळंच म्हणणं चूक होतं, असा अर्थ काढू नकोस. पण भिंतीकडेच्या पट्ट्यात जिथे औषध जास्त पडलं तिथे काहीच उगवत नाही, गवताची काडीसुद्धा नाही. भिकाने पंपात किती ओतलं देव जाणे. ओत म्हणून मीच सांगितलं होतं, तेव्हा त्याला दोष नाही.

जयराम म्हणतो, आता काँक्रीटच करून टाक, माझा पुतण्या दीपक कंत्राटदार आहे. मी नको म्हटलं. तो म्हणाला, तुला नाही कळत. मी गेट लावून घेतलं.

— मामा


पिंपळगाव बसवंत,
२२ एप्रिल २०२५

ति. मामांना,

नमस्कार नंतर.

तुम्ही भर दुपारी अंगणात खणत होतात आणि चक्कर येऊन पडलात, हे मला कुणाकडून कळावं? जयरामकाकांकडून! तुम्हाला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, आत्या एकट्या, रिक्षा मिळेना, शेवटी काकांनी तुम्हाला स्कूटरवर मध्ये बसवलं आणि मागून आत्यांनी धरलं. तिघं एका स्कूटरवर! संतोष भेटायला आला तर त्याला म्हणालात, “वेदिकाला सांगू नकोस.” तो माझ्यासमोर दोन घास खाईपर्यंतसुद्धा टिकला नाही.

मला कळायला हवं होतं. तुमच्याकडून. मागच्याच पत्रात तुम्ही मला हेच सुनावलंत ना?

तुमचं वय काय, एप्रिलचं ऊन काय! एवढं काय खणत होतात? काँक्रीटला नको म्हणालात म्हणून मी संतोषला सांगत होते, बघ, बाबा किती शहाण्यासारखं वागले. लगेच ते खोटं करून दाखवायची गरज होती का?

आता ऐका. टिकाव-फावड्याला हात लावायचा नाही. ऊन उतरेपर्यंत बाहेर पडायचं नाही. पाणी प्यायचं, तहान लागो न लागो. जयरामकाकांशी नीट बोलायचं, निदान महिनाभर. ते नसते तर मला काय कळलं असतं याचा विचारही करवत नाही.

आणि गुलाबांवरचं ते औषध. तुम्ही मास्क न लावता फवारता, आत्यांनी सांगितलं. ते बंद.

मी येत्या रविवारी येणार आहे. भेटायला नाही, भांडायला. कानात यंत्र घालून बसा.

— वेदिका


हिरावाडी, नाशिक,
२५ एप्रिल २०२५

चि. सौ. वेदिका हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलशील आणि मला बोलू देणार नाहीस, म्हणून आधीच लिहून ठेवतो. जयराम मार्केटला निघाला आहे, तिथे भिकाला गाठून हे पत्र त्याच्या हाती देईल. म्हणजे मी जयरामशी नीट बोलतो आहे, याची नोंद घे. काल त्याच्या कूलरची टाकीही आम्ही दोघांनी मिळून रिकामी केली. आतून जे निघालं ते बघून त्याची बायको परत किंचाळली.

मी ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं, बाकी काही नाही. तुझ्या आत्याने फावडं पलंगाखाली ठेवलं आहे आणि त्याच पलंगावर ती बसून असते. ती आता पुन्हा माझ्याशी पूर्वीसारखं बोलते. म्हणजे सकाळपासून रागवते आहे.

खणत काय होतो, तर भिंतीकडेच्या त्या पट्ट्यातली वरची माती खरवडून काढत होतो. औषध भिनलेली माती तिथे ठेवून उपयोग नाही असं मला वाटलं. कुणी सांगितलं नाही, मलाच वाटलं. दुपारी करायला नको होतं हे मान्य. पण सकाळी जयराम गेटवर असतो आणि संध्याकाळी तुझी आत्या. माणसाने करायचं कधी? तुला कळवलं नाही, कारण आधी पूर्ण करायचं होतं. अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही.

राहिलेलं भिकाने केलं. निवृत्तीदादाच्या शेतातली काळी माती पिकअपभरून आणून त्याने त्या जागी टाकली आहे. मी फक्त खुर्ची टाकून सावलीत बसलो होतो. त्याचंही काम मला पसंत पडलं नाही, पण मी उठलो नाही. आत्याला विचार.

आता गुलाबांचं. ते पुढचे गुलाब माझे आहेत आणि माझेच राहतील. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ते औषध बंद केलं, या खेपेला निंबोळी अर्क वापरून बघतो. मास्कही लावतो, मला त्यात श्वास घेता येत नाही, पण लावतो. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले तर मात्र आपण परत बोलू, आणि तेव्हा मी ऐकणार नाही.

द्राक्षाचा सीझन आता संपला. त्यामुळे पॅकहाऊसचं कारण यापुढे चालणार नाही. दुसरं कारण मी दिलं होतं. ते मी परत घेतो. घर कुणाच्या का नावावर असेना, तुमच्याशिवाय ते आम्हाला खायला उठतं. वरची खोली आत्याने झाडून ठेवली आहे. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, संतोषला ठरवायला सांगू नकोस, तो ‘हो बाबा’ म्हणेल आणि विसरेल.

मागच्या अंगणात मी काही लावलेलं नाही. तिथे काय लावायचं, कुठे लावायचं, ते तू ठरव. नवीन मातीत गवताचे कोंब दिसायला लागले आहेत. कुठल्या गवताचे ते मला ओळखता येत नाही, आणि वेदिका, ते सरळ ओळीतही उगवलेले नाहीत. येता-जाता खिडकीतून दिसतात. हात शिवशिवतात, पण मी एकही उपटलेला नाही.

— मामा